हौ की हव

या, जवळ या जरा. दारातूनच "काकू, बऱ्या आहात ना" म्हणायचं आणि सटकायचं, ही तुम्हा लोकांची रीत मला अजिबात आवडत नाही. बसा. एका माणसाबद्दल सांगायचं आहे, आणि ते उभ्या उभ्या ऐकण्यासारखं नाही.

हा माणूस बिघडलेल्या गाडीजवळ आला की आधी बोनट उघडायचा नाही. तापातल्या लेकराच्या कपाळावर ठेवावेत तसे दोन्ही तळवे बोनटवर ठेवायचा, मान तिरपी करायचा आणि म्हणायचा, "मोला समझ नइ आवत हे, दीदी." म्हणजे, मला काही समजून नाही राहिलं. धंदा मेकॅनिकचा आणि पहिलं वाक्य हे. अशाच्या हाती कोण गाडी देईल, तुम्हीच सांगा.

मी दिली. ज्यांना सगळं समजत होतं त्यांच्याकडे देऊन झाली होती ना.

राज्य नुकतंच नवं झालं होतं. रायपूर राजधानी झालं म्हणून रोज कुठला तरी रस्ता खोदलेला, रोज कुठल्या तरी ऑफिसवर नवी पाटी. आम्ही नागपूरहून ह्यांच्या बदलीवर आलेले, शंकर नगरात राहायचो. आणि तेव्हाच ह्यांना लकवा मारला. उजवा हात गेला, पाय ओढत चालू लागले, आणि बोलणं पार बंद. डॉक्टर म्हणाले, हाताचा आणि जिभेचा व्यायाम चुकवू नका, आता चुकला तर पुढे बोलणं येईल याची खात्री नाही. दवाखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षात ह्यांचा पाय दुमडायचा नाही. म्हणजे आमची जुनी गाडी आणि ती चालवणारी मी.

गाडीचं काय व्हायचं, तर कधी चावी लावताच सुरू. कधी सेल्फ नुसता घर्र घर्र करत राहायचा आणि इंजिन काही पकडायचं नाही. सुरू झालीच तर रस्त्यात उचक्या द्यायची. मिसिंग म्हणतात त्याला. हे शेजारी बसलेले, स्वच्छ शर्ट घातलेले, आणि मी चावी फिरवून राहिली. त्यांच्या तोंडाकडे पाहायची माझी हिंमत व्हायची नाही.

मोठ्या गॅरेजवाल्यांनी प्लग बदलले, पॉइंट बदलले, कॉइल बदलली. दर वेळी "हो गया, मैडम." दुसऱ्या दिवशी सकाळी घर्र घर्र.

मग नाक्यावरच्या टिनाच्या टपरीतला हा सापडला. त्यानं इंजिन चालू ठेवून प्लगच्या तारा एकेक करून उपटून पाहिल्या. तार काढल्यावर आवाज बदलला तर ते घर, म्हणजे सिलिंडर, जिवंत, नाही बदलला तर मेलेलं. चारही जिवंत निघाले.

"सबो बने हे," तो म्हणाला. सगळं चांगलं आहे.

"मग भैया, बंद काहून पडते?"

"वही तो मोला समझ नइ आवत हे."

मी वैतागून गाडी घरी आणली. दारात उभी केली. पुन्हा चावी लावली, तर घर्र घर्र.

शेवटी त्यानंच उपाय काढला. चोर समोर येत नसेल तर त्याच्यासोबत राहायचं. टपरीला कुलूप लावून तो आमच्याबरोबर दवाखान्यात यायला लागला. पुढे आम्ही दोघं, मागच्या सीटवर हा, आमच्या दोघांच्या मधून डोकं पुढे काढून, डोळे मिटून ऐकत. आणि गाडी अशी सुरळीत चालायची की काय सांगू. हा बसला की उचकी नाही की काही नाही. एकदा हा लग्नाला गेला, तर त्या दिवशी गाडी फाटकातून बाहेरच निघाली नाही.

समोरच्या वहिनी म्हणाल्याच, "मेकॅनिक ठेवला की देव बसवला जी गाडीत?"

मलाही कळेना. आजारी गाडी आहे, की मी, की नुसती त्या रस्त्याला नजर लागली आहे. त्याला विचारलं तर त्याचं आपलं तेच वाक्य. पण तो असला की दवाखाना तर चुकत नव्हता. म्हणून रोज त्याला घ्यायचं आणि निघायचं.

आता मी कशी आहे ते तुम्हाला माहीत आहे. गाडीत माझं तोंड चालूच. "ऊन लागून राहिलं का तुम्हाला? काच वर करते. काल झोप आली ना? आली, आली." ह्यांच्या वाटचंही मीच बोलायची. एक दिवस मागून आवाज आला, "दीदी, थोड़ा चुप रहव. इंजन सुनना हे."

घ्या. माझ्याच गाडीत मलाच गप्प केलं. मी फुगून बसले.

सदर बाजाराच्या गर्दीत शिरलो. कोणी बोलत नव्हतं. स्कूटरवाले दोन्हीकडून घासून जात होते. आणि गाडीनं एक बारीकशी उचकी दिली.

"मिस करिस!" तो मागून उडालाच. "सुनेव का, साहेब?"

आणि हे म्हणाले, "हौ."

माझा पाय क्लचवरून निसटला. गाडी झटका देऊन जागच्या जागी बंद. मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ. हा तर आनंदानं बाहेर पडला, बोनट उघडून आत वाकला. त्याला वाटलं, अखेर चोर सापडला. त्याला काय माहीत गाडी मी बंद पाडली. मी स्टीअरिंगवर डोकं टेकून रडून राहिली. हे माझ्याकडे पाहून राहिले. त्यानं खिडकीशी येऊन पाहिलं आणि पार गोंधळला.

"काबर रोथव, दीदी? बन जाही गाड़ी."

काहून रडता, म्हणे, बनेल गाडी. लकव्यानंतरचा ह्यांचा तो पहिला शब्द होता, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं.

तिथेच, त्या गर्दीत, इंजिनची बॉडीला जोडलेली एक तार त्याला सापडली. बोल्टखाली गंज चढलेला. वरून घट्ट दिसायची, पण हलली की करंट तुटायचा. त्यानं ती घासली, आवळली. गाडी सुरू झाली.

घरी आल्यावर भांडण वेगळंच लागलं. मी सगळ्यांना सांगत सुटले, हे "हौ" म्हणाले. आमच्या नागपुरात हो म्हणायचं तर हौच म्हणतात. तो ऐकेना, त्यांच्यात हो म्हणजे हव.

"नइ दीदी. साहेब 'हव' कहिन. हमर बोली."

"जन्म नागपुरात गेला त्यांचा. हौ म्हणाले."

"मैं पूछे रहेंव. मोला जवाब दिन."

त्याचंही खरंच होतं. विचारलं त्यानं, उत्तर त्यालाच. शेवटी ह्यांनाच विचारलं, सांगा, हौ की हव? ह्यांनी अर्ध्या तोंडानं हसून पुन्हा तोच शब्द उच्चारला. मला हौ ऐकू आलं. त्याला हव. तो मिश्या पुसत जिंकल्यासारखा निघून गेला.

त्यानंतर गाडी क्वचितच अडली. पण तारेबद्दल त्याला कधी खात्री वाटली नाही. "वही था कि कुछु अउ था..." म्हणजे तेच होतं की आणखी काही, असं म्हणत तो पुढेही येऊन बसायचा. हे त्याच्याशी एकेक शब्द बोलायचे. मी गप्प बसायला शिकले, म्हणजे सदर बाजारापुरतं तरी.

मग नाक्यावरचा रस्ता रुंद झाला. टपरी उठली. निरोप घ्यायला आला तेव्हा हातात फक्त पान्यांची पिशवी होती. राजिमकडे लेकीच्या गावी चाललो म्हणाला. हे काठी टेकत फाटकापर्यंत गेले. दोघांनी मिळून गाडीचं बोनट उघडलं आणि कितीतरी वेळ आत पाहत उभे राहिले. गाडीला काही झालं नव्हतं. मी खिडकीतून पाहत होते. हाक नाही मारली.

गावाचं नाव विचारायचं आम्हा दोघांनाही सुचलं नाही. राजिमकडे गावं काय कमी आहेत? ह्यांचं आताशा एकच चालू असतं, "चल. शोधू." गाडी अजून आहे, पण मला आता हायवे झेपत नाही. तुमच्यापैकी कोणाला चालवता येते ना? मग या एखाद्या रविवारी, सकाळीच या, दारातून पळू नका. डबा मी करते. लवकर या, हे शर्ट घालून बसलेले असतात.