टेपच्या दोन वायरी

गेल्या दिवाळीनंतरच्या रविवारी जुन्या कारला साडेचार हजारांचा टेप बसवला. हजर मी, आई आणि मेहुणा. तो त्याच्या गावी, साखऱ्यात, ट्रॅक्टरला टेप बसवतो. लाल, पिवळी, दोन्ही वायरी त्याने थेट बॅटरीला जोडल्या. लाल वायर चावीवर घ्यावी, म्हणजे चावी काढली की टेप बंद होतो, असं टेपसोबतच्या कागदावर छापलं होतं. मी दाखवलं.

"दाजी, धा वर्सं असंच जोडून राहिलो. कागद वाचून गाणं वाजते का?"

गाणं वाजलं. मी कागद घडी घालून ठेवला.

सोमवारी आईचं नांदेडला मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. नंबर सकाळी नऊ वाजताचा, चुकला तर महिनाभर थांबायचं. सहा वाजता चावी फिरवली, तर नुसतं टक् झालं. आवाज बंद केला होता, पण चावी काढूनही टेप आतून चालूच राहिला होता आणि रात्रभरात बॅटरी उतरली होती. मेहुण्याला फोन केला.

"उतारावर लावली न्हाई का? आमी ट्रॅक्टर उतारावरच लावतो, ढकललं की चालू."

आमची गल्ली सपाट, ढकलायला मी एकटा. मागच्या सीटवरून आई म्हणाली, "मी ढकलू का रे?"

भाड्याची जीप मिळाली तेव्हा साडेआठ वाजले होते. दवाखान्यात पोचलो तर नंबर गेलेला. मेहुण्याने मजुरी घेतली नव्हती. जीपवाल्याला जाऊन-येऊन तीन हजार दिले.