मानेतली नस

भाऊ गेला तेव्हा उसाचा हंगाम ऐन भरात होता. आमचा देव खंडोबा दरवर्षीच्या रीतीप्रमाणे अणदूरच्या देवळातून नळदुर्गला मुक्कामाला गेला होता आणि भाऊ उसाचा ट्रॅक्टर घेऊन ढोकीला. कारखान्याबाहेरच्या रांगेत उभा असताना त्याच्या छातीत जळजळायला लागलं. पित्त असेल म्हणून शेजारच्या ड्रायव्हरकडून त्यानं सोडा मागून घेतला, स्टिअरिंगवर डोकं टेकवलं, आणि ते परत उचललं नाही. अजून चाळिशी गाठायची होती. बिडी नाही, दारू नाही. अंगानं काटक.

भेटायला येणारी माणसं कारणं घेऊन यायची. कुणी म्हणायचं जागरण, कुणी नजर, कुणी थेट करणी. आमचे अण्णा, म्हणजे वडील, मेंढरं राखतात, मुळात बोलतात कमी. ते भिंतीला टेकून बसायचे आणि प्रत्येकाला "व्हय, असंल" एवढंच म्हणायचे.

मी जळकोटच्या शाळेत शिकवते आणि लग्न मोडल्यापासून अण्णांजवळच राहते. भाऊ गेल्यावर मला झोप येईना. फळ्यावर लिहिताना छाती धडधडायची. शेवटी सोलापूरला हृदयाच्या डॉक्टरबाईंकडं गेले. माझं सगळं बोलणं संपेपर्यंत त्या माझ्या डोळ्यांकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, "पापण्यांजवळचे हे पिवळे डाग कधीपासून आहेत?"

मला वाटायचं, ते उन्हाचे वांग असावेत. त्यांनी रक्त तपासायला लावलं. कोलेस्टेरॉल फार वर निघालं. मी तर तेलकट खात नाही, रोज चालते. त्या म्हणाल्या, "हे खाण्यापिण्याचं नाही, घराण्यातून आलेलं दिसतंय. भावाआधी असं अचानक कुणी गेलंय का?"

आई गेली होती. मी तेव्हा शाळेत होते. भाकरी थापता थापता ती एका अंगावर कलंडली. अंगावरून वारं गेलं, असं गाव म्हणालं आणि आम्ही तेच धरून चाललो होतो.

डॉक्टरबाईंनी मानेची सोनोग्राफी सांगितली. "मानेतून डोक्याकडं मोठी रक्तवाहिनी जाते. तिच्या भिंतीची जाडी बाहेरून मोजता येते. तिथं भिंत जाड झाली असेल, थर साचला असेल, तर हृदयाच्या नसांमध्येही तसंच चालू असण्याची शक्यता वाढते. खात्री नव्हे, अंदाज. पण तुमच्या बाबतीत तो अंदाज मला हवाय."

सोनोग्राफीच्या दिवशी अण्णा माझ्यासोबत आले. मेंढरं शेजाऱ्यावर सोपवून, धुतलेला पटका बांधून. खोलीत मला टेबलावर झोपून मान मागं टाकायला सांगितलं. मेंढरांच्या घरात वाढलेली मी. तशी ताणलेली मान मी कुठं आणि कशासाठी पाहिलीय, हे सांगायला नको. मी टेबलाच्या कडेवर बसले ती बसलेच. पाय वर घेता येईनात.

"आदी माजी बगा," अण्णा डॉक्टरबाईंना म्हणाले. "मंग हिची. काय न्हाय गं बाय, बग तू."

पटका काढून ते झोपलेसुद्धा. डॉक्टरबाईंनी हसून होकार दिला. मानेवर ते चिकट पाणी लावलं तसे अण्णा म्हणाले, "लई गार हाय की वो." पडद्यावर करड्या रंगाच्या दोन रेषा दिसत होत्या, मध्ये काळी वाट. रेषेच्या आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत डॉक्टरबाईंनी माप घेतलं, मग दुसऱ्या बाजूला घेतलं.

"आजोबा, तुमच्या वयाच्या मानानं नस फारच चांगली आहे. तरण्या माणसासारखी."

अण्णा हसले. मला दाखवायला म्हणूनच हसले असावेत. उठून त्यांनी मान पुसली आणि मला हात दिला.

माझ्या वेळी डॉक्टरबाई बोलेनाशा झाल्या. एकाच जागी त्या यंत्राचं टोक टेकवायच्या, थोडं तिरकं करायच्या, परत तिथंच यायच्या. मध्येच त्यांनी आवाज सुरू केला. माझंच रक्त, पण कुणीतरी खोलीबाहेर भरभर खराटा मारत असल्यासारखं ऐकू येत होतं. मी अण्णांकडं बघितलं. ते पडद्याकडं बघत होते. त्यांना त्यातलं काही कळण्यासारखं नव्हतं, तरी त्यांचा चेहरा उतरला होता.

"भिंत वयापेक्षा बरीच जाड आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "आणि नस जिथं दुभागते तिथं थर साचायला लागलाय. रक्ताची वाट मोकळी आहे अजून. पण गोळ्या आजपासूनच, आणि कायमच्या. आणि भावाला मुलं असतील तर त्यांचं रक्त तपासून घ्या. थांबू नका."

परतीच्या एसटीत नळदुर्ग जवळ येईपर्यंत अण्णा खिडकीबाहेर बघत होते. मग तोंड न वळवताच म्हणाले, "तुज्या आईच्या डोळ्यांपाशी बी असंच पिवळं होतं. म्या म्हनायचो, हळद लागलीया, पूस. ती पदरानं पुसायची."

 

भावाला एकच मुलगी. वहिनी तिला घेऊन आमच्या शेजारच्याच घरात राहते. मी दुसऱ्या दिवशी गेले आणि जमेल तेवढ्या हळू सांगितलं. वहिनी तांदूळ निवडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, "वन्सं, मानूस गेलं माजं. आता लेकराला बी रोग चिकटवायला आलाव का?"

"वहिनी, नुसतं रक्त बघायचंय."

"न्हाय बगायचं. तुमी बगितलं, काय मिळालं तुमास्नी? जीवाला घोर."

तिचं चुकत नव्हतं. कळल्यापासून मी शाळेचा जिना चढताना मोजूनमापून श्वास घेत होते, मुलांवर ओरडताना मध्येच थांबत होते. घोरच मिळाला होता. त्यानंतर ती मला टाळायला लागली. नळावर मी दिसले की घागर अर्धी भरूनच निघायची.

मग अण्णा गेले तिच्याकडं. सासऱ्यानं सुनेच्या उंबऱ्यावर बसून बोलायची आमच्यात रीत नाही, पण ते बसले. काय बोलले ते वहिनीनंच मला नंतर सांगितलं. म्हणाले, "सूनबाई, माज्या डोळ्यांम्होरं व्हतं, मला दिसलं न्हाय. तुला दिसतंय, तर डोळं झाकू नगंस."

त्या आठवड्यात मी गोळ्या आणायला सोलापूरला निघाले, तेव्हा वहिनी पोरीला घेऊन स्वतःहून एसटीच्या थांब्यावर आली. माझ्याशी न बोलता शेजारी उभी राहिली.

पोरीचंही वर निघालं. डॉक्टरबाई म्हणाल्या, वेळेत कळलंय, हिच्या नसा अजून कोवळ्या आहेत, औषधानं पुष्कळ रोखता येईल.  वहिनी दवाखान्याच्या पायरीवर बसून रडली, भाऊ गेला तेव्हा रडली नव्हती इतकी. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तो तिनं झटकला नाही.

आता गोळ्या चालू आहेत, माझ्याही आणि पोरीच्याही. वर्षानं पुन्हा घेतलेल्या मापात माझी भिंत वाढलेली नव्हती. "कमी झाली असं नाही, वाढली नाही एवढंच," डॉक्टरबाई म्हणाल्या. मी तेवढ्यावर भागवते. छातीत जरा कुठं कळ आली की अजूनही हातातलं काम सुटतं.

मध्ये एकदा संध्याकाळी मेंढरं वाड्यात घालून आल्यावर अण्णांनी विचारलं, "त्या बाईस्नी इचार, माजी नस काडून पोरीला लावता येती का?"

"तसं नसतं अण्णा."

"इचारून तर बग."

मी विचारलं. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "नाही. त्यांना सांगा, तसं करता येत नाही." घरी येऊन मी ते जसंच्या तसं सांगितलं. अण्णांनी मान हलवली, "बरं" म्हणाले आणि हातपाय धुवायला उठले.