उलट्या दिशेची डबी

गणपतीच्या चवथीआधी नवऱ्याने नवा टीव्ही आणला. भिंतीवर फोटोसारखा टांगता येतो म्हणून सासूबाई खूश. मी मात्र त्याच्या पाठीमागे मान घालून लाल-पांढरी भोकं शोधत होते. ती नव्हतीच.

जुन्या टीव्हीच्या त्या भोकांतून वायर निघून माझ्या स्टिरिओला जायची. स्टिरिओ माझा. लग्नाआधी, पेडण्याच्या शाळेत नोकरीला लागल्यावर घेतलेला आणि लग्नानंतर माहेराहून, डिचोलीहून टेम्पोत घालून आणलेला. शाळेतून आल्यावर टीव्हीवर गाणी लावून ती त्यातून निवांत ऐकायची, एवढीच माझी चैन.

“टीव्हीला आहेत की स्पीकर,” नवरा म्हणाला.

होते. पण त्यातून तबला ऐकला की कोणीतरी पत्र्यावर बोटं आपटतंय असं वाटायचं.

डिचोलीला धाकटा भाऊ असतो. त्याला या गोष्टींचं भारी वेड. फोन केला तर म्हणाला, “ताई, तुला डॅक लागेल. आता टीव्हीतून आवाज बाहेर पडत नाही, आकडे पडतात. त्यांचा परत आवाज करणारी डबी.”

“स्वस्तातली सांग.”

“स्वस्तातली घेऊन पस्तावशील.”

मग त्याने लिंका पाठवल्या. एकेक डबी माझ्या अख्ख्या स्टिरिओपेक्षा महाग. मी स्वतःच इंटरनेटवर वाचायला बसले. एका डबीबद्दल कोणी लिहिलेलं, कानावरचा पडदाच दूर झाला. त्याच्याच खाली दुसरा म्हणे, काडीचा फरक नाही, सगळे मनाचे खेळ. तिसऱ्याची जळून गेली होती. वाचून वाचून डोकं उठलं.

शेवटी म्हापशाला गेले. शुक्रवार, तिथला बाजाराचा दिवस होता, स्कूटर लावायला जागा शोधण्यातच अर्धा जीव गेला. दुकानदाराला टीव्हीच्या मागचा फोटो दाखवून काय हवं ते सांगायला लागले, तर मध्येच तोडून म्हणाला, “बाय, हें तुमकां कळचें ना. घोवाक धाडात.”

“नवरा ऐकत नाही, मी ऐकते,” मी म्हटलं.

त्याने एक काळी डबी समोर ठेवली. दोन्ही टोकांना भोकं बरोबर दिसली. घेतली.

घरी जोडली तर चिडीचूप. वायरी काढल्या, पुन्हा घातल्या. मग भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो हसायलाच लागला. “अगो, ही उलटी! ही आवाजाचे आकडे करते. तुला आकड्यांचा आवाज करणारी हवी.”

परत म्हापसा. या वेळी नवरा सोबत. दुकानदार म्हणाला, “सील फोडलां. आतां परत घेवपाक जायना.” आणि का ते सगळं नवऱ्याला समजावून सांगितलं. नवरा फोनमध्ये बघत मान हलवत होता. डबी माझ्या हातात होती. वाद घालायची ताकदच राहिली नाही.

मग मी कोणालाच विचारलं नाही. आपल्याला लागतं तेवढंच बघितलं: टीव्हीची वायर आत, लाल-पांढरी बाहेर. अशी एक साधी डबी मागवली. कुरिअरवाल्याचा फोन आला तो नेमका मी वर्गात असताना, म्हणून त्याने ती नाक्यावरच्या किराणा दुकानात टाकली. कांद्याच्या पोत्यामागून दुकानदाराने काढून दिली.

जोडली. दिवा लागला, आवाज नाही. मला रडूच यायचं बाकी होतं. टीव्हीच्या सेटिंगमध्ये एकेक पान उघडत गेले, तेव्हा कुठे आवाजाचे आकडे कुठल्या पद्धतीने बाहेर सोडायचे त्या यादीत ‘पीसीएम’ असं सापडलं. ते निवडलं, आणि तंबोरा खोलीभर झाला.

नवरा आतून आला. क्षणभर ऐकून म्हणाला, “वाजतोय की. आधीपण वाजतच होता ना?”

पुढच्या रविवारी भाऊ आला. चप्पल काढता काढताच त्याची नजर डबीवर गेली. “हीच घेतलीस?”

“आधी बस. ऐक.”

अर्धं गाणं त्याने डोळे मिटून ऐकलं. “बरी आहे,” म्हणाला. “पण वरचे सूर जरा...”

मी रिमोट उचलला आणि आवाज वाढवला. त्याचे ओठ हलताना दिसत होते.