शेवंतीचा कौल

पाबळजवळच्या वाडीत पोपटराव तरुणपणापासून शेवंती लावत आले. दर दोन-तीन वर्षांनी नवी जात यायची. फूल मोठं व्हायचं, देठ लांब व्हायचा, वास तेवढा कमी व्हायचा. प्रगती म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक होतं.

धाकटी मुलगी सुवर्णा पुण्यात ईश्वरशास्त्रात पीएच.डी. करायला लागल्यापासून ते दर दिवाळीला विचारायचे, यंदा काय नवं सापडलं? ती म्हणायची, वाचन चालू आहे. आता तिला आणखी एक वर्ष हवं होतं, आणि शिक्रापूरच्या एका कंपनीत ऑफिसची नोकरी मिळत होती. सोमवारी कंपनीला उत्तर द्यायचं होतं.

"देव हाय का न्हाई, तेवढं तरी ठरलं का?"

"नाही, आबा."

"मग एवढी शिकलेली माणसं करत्यात काय?"

सुवर्णा फुलं निवडत होती. "उत्तर सापडलं नाही. पण काही उत्तरं आता देता येत नाहीत. आईबापाचं चुकलं म्हणून देवानं पोर नेलं, असं प्रबंधात लिहिलं तर गाईड ते प्रकरण परत पाठवतात. कशावरून, असं विचारतात. पूर्वी ते छापून यायचं."

"एवढंच?"

"एवढंच."

पोपटराव क्रेट उचलून सावलीत ठेवून आले. थोरली करिश्मा तापानं गेली, तेव्हा गुरव म्हणाला होता, नवस फेडायचा राहिलाय. कुठला नवस, ते नवरा-बायकोला आठवेना. तरी त्यांनी फेडला. तेव्हापासून सिंधूबाई कुणाच्या बारशाला गेल्या नव्हत्या.

पोपटरावांना काही ठरवता येईना. रविवारी ते सिंधूबाईंना घेऊन भैरोबाला कौल लावायला गेले. जुन्या गुरवाचा मुलगा रोहिदास यानं देवाच्या दोन्ही खांद्यांवर शेवंतीची एकेक पाकळी चिकटवली. उजवी पडली तर पुणे, डावी पडली तर शिक्रापूर. तिघं बसून राहिले. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला. पाकळ्या हलल्या नाहीत.

रोहिदासनं घसा साफ केला. "आबा, तुमच्याकडनं काहीतरी राहिलंय."

सिंधूबाईंनी मान खाली घातली.

"राहिलंय म्हणू नको," पोपटराव म्हणाले. "तुला कळंना, असं म्हण."

रोहिदासनं देवाकडं पाहिलं, मग त्यांच्याकडं. "कळंना," तो म्हणाला.

घरी आल्यावर पोपटरावांनी सुवर्णाला सांगितलं, कंपनीला नाही म्हणून कळव.

"एक वरीस घे. आन् ते प्रकरण परत पाठवत्यात म्हणलीस ना, ते आधी आईला नीट समजावून सांग."