फटफटीच्या घड्याळातलं दव

आमचं घर म्हणजे एकच खोली, आणि त्या खोलीत माग. खरं तर आम्हीच मागाच्या घरात राहत होतो. अप्पा मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून विणायचे, आई सुताच्या कांड्या भरायची, आणि भाकरीबरोबर कालवण असणार का, हे त्या आठवड्यात सूत किती तुटलं त्यावर ठरायचं. सोलापूरची हवा कोरडी. हिवाळ्यात सूत नुसत्या फुंकरीनं तुटतं. म्हणून भिंतींना ओली गोणपाटं टांगायची, जमिनीवर पाणी शिंपायचं आणि दार लावून घ्यायचं. अंग आंबलं तरी चालेल, पण मागावरचा ताणा, म्हणजे उभं सूत, कोरडा पडता कामा नये. मी शिकावं म्हणून दादा चौथीतूनच उठला. मी पुण्याला जाऊन बी.एस्सी. झालो, आमच्या सगळ्या गोतात पहिला. हे मी अभिमानानं सांगतो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मी परत आलो तेव्हा दादाला कालव्याच्या इंजिनिअरसाहेबांकडं काम लागलं होतं. साहेबांची फटफटी सांभाळायची. अजून कायम केलं नव्हतं. साहेब बघत होते. माळशिरस, वेळापूरकडं पाटांची नवी कामं चालली होती आणि साहेब फटफटीवरनं तिकडं जायचे. पाटाच्या कडेला मैलाचे दगड अजून बसले नव्हते. म्हणून हँडलजवळच्या घड्याळात मैल वाचायचे आणि कुठं काय राहिलंय ते टिपायचं, अशी त्यांची रीत.

ते घड्याळ मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा बघतच राहिलो. चाक फिरलं की तारेतून ते फिरणं वर यायचं, काटा वेग सांगायचा आणि खालच्या खिडकीत मैलांचे आकडे एकामागून एक सरकायचे. रस्ता आपणहून मोजला जातोय! आमच्या गल्लीत दुसरं घड्याळही नव्हतं.

त्या हिवाळ्यात या घड्याळाची काच आतून धुरकटायला लागली. पहाटे दादा फटफटी आमच्या घरून साहेबांच्या दारात न्यायचा आणि तिथं पोचेपर्यंत काचेमागं नुसतं पांढरं. बाहेरून पुसून काय उपयोग?

"धुताना पाणी घालतोस तू, दुसरं काय?" साहेब म्हणाले. "सोमवारी मला माळशिरसला निघायचंय. तेव्हाही काच अशीच आंधळी असली, तर मी दुसरा माणूस बघतो."

दादा घरी आला तो तोंड पाडून. "आयशप्पत सांगतो, घड्याळावर थेंब पडू देत न्हाय मी. फडकं बांधून धुतो की." मग त्यानं मेण वितळवून काचेच्या कडेनं सगळीकडून लावलं. मुंगीसुद्धा शिरली नसती. दुसऱ्या पहाटे गल्लीच्या तोंडाला जाईतोवर आत चक्क थेंब जमले. बारीक मोहरीएवढे. एक थेंब आकड्यांवरनं ओघळत खाली आला. बंद डबीत पाणी आलं कुठून?

शेजारचे काका दात घासत उभे होते. "काय रे बी.एस्सी., पुण्याला ह्ये शिकवलं न्हाय व्हय?"

"शिकवलंय, काका. आठवू द्या की."

मी थंडीतून घरात शिरलो आणि माझ्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. रोजच व्हायच्या. पण त्या दिवशी मी चष्मा काढून हातात धरला आणि तिथंच थांबलो. फटफटी रात्री कुठं असते? मागाच्या खोलीत! दुसऱ्याची मौल्यवान वस्तू, म्हणून अप्पांनीच ती सुताशेजारी, ओल्या गोणपाटांखाली ठेवायला लावली होती. साळ्याच्या घरात जपायची वस्तू ठेवायची जागा तीच. रात्रभर ती दमट हवा तारेच्या भोकातून घड्याळात जायची, पहाटे बाहेरच्या गारव्यात काच थंड पडली की तिथंच तिचं पाणी व्हायचं. आणि मेणानं आम्ही ते पाणी आतच कोंडलं होतं.

अप्पांना सांगितलं तर ते हसले. "हवेत पानी? मग घागर कशाला भरायची? हवाच पिऊ की! आन् लोकाची वस्तू उघड्यावर ठिवायची? न्हाय जमायचं."

बोलून पटणार नव्हतं. मी भट्टीवरनं ताजा कळीचा चुना आणला; पाणी लागलं की त्याचे खडे फुटतात. एक वाटी मागाच्या खोलीत ठेवली, दुसरी बाहेर पडवीत. दोन्हींत सारखेच टणक खडे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीतल्या खड्यांना भेगा पडल्या, तिसऱ्या दिवशी ते फुगून पिठासारखे भुसभुशीत झाले. पडवीतले बरेचसे तसेच टणक होते.

अप्पांनी दोन्ही वाट्या शेजारी ठेवून पाहिल्या. "ह्यात पानी कुणी घातलं?"

"कुणीच नाही. हवेतलं प्यायलाय तो."

सगळा जन्म त्याच हवेत विणत बसलेला माझा बाप उठला आणि खोलीत हात पुढं करून उभा राहिला, जणू पाऊस पडतोय का ते बघतोय. "लईच की रं," एवढंच म्हणाले. त्यांच्याइतकाच मीही थक्क होतो. कॉलेजात हेच शिकलो होतो, परीक्षेत लिहिलंही होतं. पण आमच्याच खोलीत, आईच्या वाटीत ते घडताना पहिल्यांदाच बघत होतो.

दादानं मेण खरवडून काढलं आणि घड्याळ सोडवलं. हे काम त्याच्याच हाताचं, मी नुसता कंदील धरला. कॉलेजात नाजूक तराजूच्या काचपेटीत पाणी शोषणारे पांढरे खडे एका वाटीत ठेवायचे, ते मला आठवत होतं. तसंच केलं: झाकणाच्या डब्यात ताज्या चुन्याची पुरचुंडी, वर जाळीवर घड्याळ, झाकण घट्ट. "उतू जाऊ देऊ नको हां," आई म्हणाली, जणू मी काही शिजवायलाच ठेवलं होतं. रविवारी दुपारच्या कोरड्या उन्हात दादानं ते परत बसवलं. फटफटी पडवीत ठेवली आणि अप्पांनी घोंगडं घेऊन तिच्या चाकाला टेकूनच झोप काढली.

सोमवारी गारठा मुद्दाम धरल्यासारखा वाढला होता. साहेबांच्या दारात दादानं आणि मी फटफटी उभी केली. साहेब वाकले, त्यांच्या श्वासानं काच बाहेरून धुरकटली, दादाचा चेहरा उतरला. साहेबांनी बोटानं ती पुसली. आत काटा, आकडे, सगळं लख्ख.

"काय केलंस?"

"मी न्हाय साहेब, धाकट्यानं. बी.एस्सी. हाय त्यो."

साहेबांनी माझ्याकडं एकदा पाहिलं, किक मारली, आणि काटा थरथरत वर चढला. मी त्या काट्याकडं बघत राहिलो, ती फटफटी वळणावरनं दिसेनाशी होईपर्यंत.

चार दिवसांनी साहेब माळशिरसहून परतले. प्रवासभर काच स्वच्छ राहिली होती. त्याच महिन्यात दादाला त्यांनी नोकरीत कायम केलं.