माशाच्या खड्ड्यावरची लिंबोणी

शेजारच्या गुरुजींनी मला फसवलं. नांदेडच्या आमच्या घरी दर रविवारी गोदावरीचा मासा येतो. खवले, कल्ले, आतडी मी कुंपणालगत हातभर खोल पुरतो आणि वर राख नि माती दाबतो. माळकरी गुरुजी वास येईल म्हणून ओरडले, तेव्हा मी सौदा केला. वर्षभरात वास आला तर खड्डे बंद. नाही आला तर त्यांनी चारचौघांत माझ्या खड्ड्यांचं कौतुक करायचं.

वर्ष सरलं, वास आला नाही. उलट कुंपणापलीकडची त्यांची लिंबोणी फळांनी वाकली. अशी लिंबोणी अख्ख्या गल्लीत नाही. काल गुरुजी शेजाऱ्यांना लिंबं वाटत म्हणाले, "निव्वळ शेणखत!"

मी कुंपणावरूनच ओरडलो, "गुरुजी, शेणखत टाकलं कधी? सगळ्यांसमोर सांगा!"