सीलबंद लिफाफा

रोह्याच्या कॉलेजातल्या त्या क्लार्कने मला तीन खेपा घालायला लावल्या. माझी मुलगी इंजिनीअर, पण कॅनडात तिची पदवी मान्य व्हायची तर गुणपत्रिका कॉलेजच्याच सीलबंद लिफाफ्यात हव्या होत्या. घरात फ्रेम करून लावलेल्या पदवीवर त्या लोकांचा विश्वास नाही.

हा माणूस शिक्क्यावर दोनदा फुंकर घालायचा, मग तो लिफाफ्याच्या जोडावर असा दाबायचा की अर्धा झाकणावर उठे, अर्धा खाली. मी आवाज चढवला की म्हणायचा, "नाय हो शेठ, घाईत शिक्का फिसकटतो."

तिसऱ्या खेपेला लिफाफा हातात देत म्हणाला, "उघडायचा नाय. उघडला की बाद."

मी पेणचा मूर्तींचा व्यापारी. डोळ्यांची आखणी बघितल्याशिवाय गणपतीसुद्धा उचलत नाही. स्टँडवर पोचताच लिफाफा फाडला. गुण बरोबर होते, म्हणून मुलीला फोन केला.

"बाबा, उघडलात?" ती म्हणाली. "आज कुरिअरला द्यायची शेवटची तारीख होती."

भांडायच्या तयारीनेच परत गेलो. त्याने मान वर न करता खणातून दुसरा सीलबंद लिफाफा काढला.

"पहिल्या दिवशी सहीला पेन दिलं, तर तुम्ही तेपण उघडून बघितलंत. तवाच दोन करायला घेतले. दोन्हींवर प्राचार्यांची सही हवी, म्हणून तिसरी खेप पडली."

पेणपर्यंत लिफाफा मांडीवर होता. त्याची कड मी चारदा चाचपली. उघडला मात्र नाही.